अडलेला रस्ता आणि नोंदणीचा खर्च : जड टोइंग वाहनांचे अर्थकारण

घाटाच्या चढणीवर, ऐन वळणावर, मालाने भरलेला ट्रक बंद पडतो. मागे वाहनांची रांग लागते. रुग्णवाहिका, दुधाचे टँकर, प्रवासी बसगाड्या, सारेच अडकून पडतात. रात्र असेल आणि थांबलेल्या ट्रकचे मागचे दिवे बंद असतील, तर मागून येणारे वाहन त्यावर आदळण्याचा धोका असतो. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय आपल्या वार्षिक अहवालात 'उभ्या वाहनावर आदळणे' हा अपघाताचा स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदवते. बंद पडलेले वाहन रस्त्यावरून किती लवकर हलते, हा प्रश्न म्हणूनच केवळ वाहनमालकाच्या सोयीचा नसून सार्वजनिक सुरक्षिततेचाही आहे.

हे काम करणाऱ्या जड वाहनास बोलीभाषेत 'टोइंग व्हॅन', 'रिकव्हरी व्हॅन' किंवा नुसतेच 'क्रेन' म्हटले जाते. असे वाहन रस्त्यावर आणण्यापूर्वी त्याची नोंदणी करावी लागते. नोंदणीसाठी येणारा खर्च कोणकोणत्या घटकांचा बनलेला असतो, तो कोण ठरवतो आणि त्याचा या सेवेच्या उपलब्धतेवर कोणता परिणाम होतो, याचा विचार केल्यास भारतीय संघराज्यातील करव्यवस्थेची अनेक वैशिष्ट्ये एकाच उदाहरणातून स्पष्ट होतात.

शुल्क आणि कर : दोन वेगळ्या गोष्टी

सर्वसाधारणपणे 'नोंदणीचा खर्च' या एकाच शब्दप्रयोगात दोन भिन्न स्वरूपाच्या रकमा एकत्र केल्या जातात. पहिली रक्कम म्हणजे नोंदणी शुल्क. शासनाने दिलेल्या विशिष्ट सेवेचा तो मोबदला असतो. दुसरी रक्कम म्हणजे मोटार वाहन कर. कराच्या बदल्यात करदात्याला अमुक एक सेवा मिळेलच, असे बंधन शासनावर नसते.

या दोन रकमा ठरविणारी शासनेही भिन्न आहेत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत ३५ व्या क्रमांकाची नोंद यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या वाहनांविषयी आहे आणि अशा वाहनांवरील कराची तत्त्वे ठरविण्याचा विषयही तीत समाविष्ट आहे. या नोंदीच्या आधारे संसदेने मोटार वाहन अधिनियम, १९८८ संमत केला आणि तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ८१ नुसार नोंदणी शुल्क ठरते, म्हणून ते देशभर समान आहे. याउलट वाहनांवर प्रत्यक्ष कर बसविण्याचा अधिकार राज्यसूचीतील ५७ व्या नोंदीने राज्यांना दिला आहे. साहजिकच कराचे दर, त्याचा आधार आणि भरण्याची पद्धत प्रत्येक राज्यात वेगवेगळी आढळते.

येथे आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीनंतर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि अनेक अप्रत्यक्ष कर त्यात विलीन झाले. परंतु ५७ व्या नोंदीखालील वाहनकर त्यात विलीन झाला नाही. वाहन खरेदी करणारा वस्तू व सेवा कर भरतो आणि त्यानंतर राज्याचा वाहनकर स्वतंत्रपणे भरतो.

वाहन कोणत्या वर्गात मोडते?

खर्चाचा हिशेब मांडण्यापूर्वी वाहनाचे वर्गीकरण समजून घ्यावे लागते. १९८८ च्या अधिनियमानुसार ज्या मालवाहू वाहनाचे भारासह एकूण वजन १२,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक असते, ते जड मालवाहू वाहन होय. ट्रॅक्टर अथवा रोड रोलर यांच्याबाबत मात्र रिकाम्या वाहनाचे वजन विचारात घेतले जाते.

'ओढणारे वाहन' या शब्दांनी दोन निराळ्या गोष्टी सूचित होतात. एक म्हणजे ट्रेलर ओढणारे वाहन. मालाची ने-आण करणाऱ्या अशा जोडवाहनाची गणना परिवहन वाहनात होते. दुसरे म्हणजे नादुरुस्त वाहन उचलून किंवा ओढून नेणारे वाहन. केंद्र शासनाने अधिनियमाच्या कलम ४१ (४) खाली नोव्हेंबर २००४ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत टो ट्रक, ब्रेकडाऊन व्हॅन आणि रिकव्हरी वाहने यांचा समावेश परिवहनेतर वाहनांच्या यादीत केला. क्रेन बसविलेली वाहने याच यादीत आहेत. या वाहनांचे काम माल वाहून नेण्याचे नसून संकटात सापडलेल्या दुसऱ्या वाहनास साहाय्य करण्याचे आहे, हे या वर्गीकरणामागील तर्कशास्त्र दिसते.

या वर्गीकरणाचे परिणाम दूरगामी आहेत. परिवहन वाहनाची नोंदणी योग्यता प्रमाणपत्राशिवाय वैध मानली जात नाही. नव्या वाहनास ते दोन वर्षांसाठी मिळते. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. परिवहनेतर वाहनाची नोंदणी मात्र १५ वर्षांसाठी वैध असते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. तसेच कलम ६६ मधील तरतुदीनुसार नादुरुस्त वाहन ओढून नेण्यासाठी किंवा त्यातील माल सुरक्षित स्थळी हलविण्यासाठी परिवहन वाहन वापरले, तरी त्या कामासाठी परवान्याची आवश्यकता नसते.

विमाहप्त्यातही वर्गीकरणाचा प्रभाव स्पष्ट दिसतो. त्रयस्थ पक्षाच्या विम्याचे १ जून २०२२ पासून लागू झालेले दर पाहिल्यास, २०,००० ते ४०,००० किलोग्रॅम वजनाच्या सार्वजनिक मालवाहू वाहनासाठी वार्षिक मूळ हप्ता ४३,९५० रुपये, तर संकीर्ण व विशेष प्रकारच्या वाहनांसाठी तो ७,२६७ रुपये ठरला होता. चेसिस एकच असली तरी तिच्यावर माल वाहण्याचा हौदा आहे की दुसरे वाहन उचलण्याची यंत्रणा, यावर हप्त्यातील हे अंतर अवलंबून असते.

खर्चाचा हिशेब : एक कल्पित उदाहरण

एखाद्या तरुण उद्योजकाने महामार्गालगत टोइंग सेवा सुरू करण्यासाठी ४० लाख रुपये किमतीचे, हायड्रॉलिक यंत्रणा बसविलेले जड वाहन कर्ज काढून घेतले, असे समजू. डिसेंबर २०१६ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार जड मालवाहू वाहनाचे नोंदणी शुल्क १,५०० रुपये, तर तक्त्यात स्वतंत्र उल्लेख नसलेल्या अन्य वाहनासाठी ते ३,००० रुपये झाले. या उदाहरणापुरते १,५०० रुपये धरू. स्मार्ट कार्ड स्वरूपातील नोंदणी प्रमाणपत्रासाठी २०० रुपये आणि कर्जदात्या संस्थेचा बोजा नोंदविण्यासाठी ३,००० रुपये मिळविल्यास शुल्काची बेरीज ४,७०० रुपये होते. अतिसुरक्षित नोंदणी पट्टी १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांसाठी अनिवार्य आहे. तिची किंमत व विम्याचा हप्ता याहून वेगळा.

आता कराचा विचार करू. महाराष्ट्राच्या मार्च २०२५ मधील अर्थसंकल्पात बांधकामासाठी वापरल्या जाणाऱ्या क्रेन, काँप्रेसर, प्रोजेक्टर व उत्खनक यांसारख्या वाहनांवर किमतीच्या ७ टक्के दराने एकरकमी कर प्रस्तावित करण्यात आला. उदाहरणातील वाहनास एखाद्या राज्यात हाच दर लागू झाला, असे मानल्यास कराची रक्कम २,८०,००० रुपये होते. कर व शुल्क मिळून २,८४,७०० रुपये भरावे लागतील आणि त्यांत शुल्काचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी असेल. नोंदणी महाग पडते ती मुख्यतः करामुळे, शुल्कामुळे नव्हे, हा निष्कर्ष यातून निघतो.

शुल्काचा भार वाढतो तो वाहन जुने झाल्यावर. ऑक्टोबर २०२१ च्या अधिसूचनेद्वारे १५ वर्षांवरील जड परिवहन वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये करण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये वयोगटानुसार चढते शुल्क अमलात आले आणि २० वर्षांवरील जड वाहनासाठी ते २५,००० रुपये ठरले. येथे शुल्काचा उपयोग जुनी वाहने रस्त्यावरून कमी करण्याचे साधन म्हणून केलेला दिसतो. सेवेचा मोबदला ही शुल्काची पारंपरिक व्याख्या अशा वेळी काहीशी ताणली जाते.

एकरकमी कर की वार्षिक कर?

एकरकमी करामुळे प्रशासनाचे काम सुकर होते. दरवर्षी वसुली करावी लागत नाही, थकबाकी राहत नाही आणि राज्याच्या तिजोरीत रक्कम आरंभीच जमा होते. वाहनधारकाच्या दृष्टीने मात्र पैशाचे कालमूल्य विचारात घ्यावे लागते. वार्षिक १० टक्के व्याजदर आणि १५ वर्षांचा कालावधी गृहीत धरल्यास आज भरलेले २,८०,००० रुपये हे प्रत्येक वर्षअखेरीस भरावयाच्या सुमारे ३६,८०० रुपयांच्या बरोबरीचे ठरतात. वार्षिक कर याहून कमी असेल तर एकरकमी कर महाग, अधिक असेल तर स्वस्त, असे हे साधे गणित आहे.

मोठ्या वाहतूक कंपनीला हा फरक पेलता येतो. एकच वाहन घेऊन व्यवसायात उतरणाऱ्याला कर्जाचा आरंभीचा हिस्सा, विमा आणि कर या तिन्ही रकमा एकाच वेळी उभ्या कराव्या लागतात. उत्पन्न मात्र पुढे, तेही अनिश्चितपणे मिळणार असते. टोइंग वाहनाची कमाई त्याने कापलेल्या अंतरावर नव्हे, तर आलेल्या मदतीच्या हाकांवर अवलंबून असते. ते दिवसातील बराच काळ उभे राहून वाट पाहते. अग्निशामक बंबाप्रमाणे त्याची उपयुक्तता तत्परतेत असते.

रस्त्याच्या वापराचे तत्त्व आणि न्यायालये

मोटार वाहन कर नेमका कशासाठी, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी विचार केला आहे. अनुच्छेद ३०१ नुसार भारताच्या राज्यक्षेत्रात व्यापार, वाणिज्य व व्यवहारसंबंध यांना स्वातंत्र्य आहे. अजमेर परिसरातील बसचालकांना राजस्थानच्या हद्दीतून जाताना त्या राज्याचा वाहनकर मागण्यात आला, तेव्हा तो या स्वातंत्र्याचा भंग आहे काय, असा वाद निर्माण झाला. ऑटोमोबाइल ट्रान्सपोर्ट (राजस्थान) विरुद्ध राजस्थान राज्य या १९६२ च्या निकालात न्यायालयाने असा कर 'भरपाईस्वरूप' ठरविला. रस्त्यांच्या सोयीचा मोबदला म्हणून घेतलेला कर व्यापारात अडथळा आणत नाही, उलट त्यास साहाय्य करतो, अशी ती भूमिका होती. १९७४ च्या बोलानी ओअर्स प्रकरणात खाणीच्या हद्दीतच चालणाऱ्या यंत्रांच्या संदर्भात याच तत्त्वाचा विचार झाला.

पुढे नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने जिंदाल स्टेनलेस प्रकरणी नोव्हेंबर २०१६ मध्ये अनुच्छेद ३०१ च्या संदर्भातील भरपाईस्वरूप कराची संकल्पना अमान्य केली. भेदभाव करणारा कर तेवढा या स्वातंत्र्याच्या आड येतो, असे बहुमताने ठरले. तथापि वाहनकराचा रस्त्याच्या वापराशी असलेला संबंध त्यामुळे पुसला गेला नाही. विशाखापट्टणम येथील पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच वापरल्या गेलेल्या वाहनांवर त्या काळासाठी कर आकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. सार्वजनिक जागेचा वापर हा त्यातील निर्णायक मुद्दा होता.

किमतीवर कर की वजनावर?

रस्त्याचा वापर हेच तत्त्व मानले, तर कराचा आधार काय असावा? १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या विस्तृत रस्ताचाचण्यांतून असे सूत्र पुढे आले की, रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. जुलै २०१८ मध्ये भारतात चार चाकांच्या एकेरी मागील आसावरील अनुज्ञेय भार १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आला. भारातील ही वाढ सुमारे १३ टक्के, परंतु या सूत्रानुसार प्रत्येक फेरीमागे होणारी झीज सुमारे ६२ टक्क्यांनी वाढते.

या निकषावर टोइंग वाहनाची स्थिती दुहेरी आहे. जड ट्रकचा पुढचा भाग उचलल्यावर त्याच्या मागील आसावर मोठा भार येतो, म्हणून त्या फेरीत रस्त्याची झीज अधिक होते. परंतु अशा फेऱ्या थोड्या आणि बहुधा कमी अंतराच्या असतात. किमतीवर आधारलेला कर यांपैकी कशाचेच मोजमाप करीत नाही. उत्तम यंत्रणेचे महागडे वाहन अधिक कर भरते, तर जुन्या मालट्रकवर तकलादू सांगाडा बसवून तयार केलेले वाहन कमी कर भरते. ज्या साधनाने अडलेला ट्रक अर्ध्या तासात व सुरक्षितपणे हलेल, त्याच साधनावर अधिक भार पडावा, ही या रचनेतील विसंगती होय. जुन्या वाहनात असा मूलभूत बदल करण्यासाठी कलम ५२ खाली नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. त्या मान्यतेच्या वेळी होणारी तपासणी म्हणूनच महत्त्वाची ठरते.

बाह्य लाभाचा प्रश्न

अर्थशास्त्रात ज्यास 'बाह्य लाभ' म्हणतात, त्याचे हे उत्तम उदाहरण आहे. समजा, एका मार्गावर तासाला १,२०० वाहने येतात आणि ट्रक बंद पडल्याने तो मार्ग तासभर रोखला जातो. प्रत्येक वाहनाची सरासरी अर्ध्या तासाची खोटी धरली, तरी ६०० वाहन-तास वाया जातात. टोइंग सेवेचे पैसे मात्र एकटा ट्रकमालक देतो. बेवारस अथवा धोकादायक रीतीने उभे केलेले वाहन हलविण्याचा खर्चही कलम १२७ नुसार मालकाकडूनच वसूल होतो. उरलेल्या १,१९९ वाहनांना झालेला लाभ सेवेच्या दरात उतरत नाही. बाजारावर सोपविल्यास अशी सेवा समाजाच्या गरजेपेक्षा कमी प्रमाणात निर्माण होते आणि तिच्यावरील आरंभीचा कर ही तूट आणखी वाढवतो.

राष्ट्रीय महामार्गांवर गस्ती वाहन, रुग्णवाहिका व क्रेन यांची व्यवस्था आणि १०३३ हा मदत क्रमांक ही या तुटीवरील सार्वजनिक उपाययोजना आहे. तथापि राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते व दुर्गम घाट यांची भिस्त प्रामुख्याने स्थानिक खाजगी वाहनांवरच असते.

राज्यांच्या सीमेवर ही अडचण अधिक जाणवते. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर गुजरातच्या हद्दीत बंद पडलेल्या ट्रकला सर्वांत जवळचे टोइंग वाहन महाराष्ट्रात उपलब्ध असू शकते. परवान्यातून सूट असली, तरी परवान्यातील सूट म्हणजे करातील सूट नव्हे. पहिली केंद्रीय अधिनियमातून मिळते, दुसरी प्रत्येक राज्याच्या कर अधिनियमावर अवलंबून असते.

पुढील दिशा

या विवेचनातून काही पर्याय पुढे येतात. टोइंग वाहनांसाठी राज्यांनी कराचा स्वतंत्र व स्पष्ट वर्ग ठेवल्यास क्रेन की मालट्रक, हा संभ्रम टळेल. एकरकमी व वार्षिक यांपैकी एक पद्धत निवडण्याची मुभा लहान व्यावसायिकास उपयुक्त ठरेल. विहित यंत्रणा, प्रशिक्षित चालक व निश्चित दरपत्रक असलेल्या वाहनांना सवलत देता येईल, मात्र तिच्या बदल्यात नियतकालिक तपासणीचे बंधन हवे. परिवहनेतर वर्गामुळे योग्यता प्रमाणपत्र टळते, ही सोय असली तरी कित्येक टनांचा भार उचलणाऱ्या साखळ्या, तारदोर व हायड्रॉलिक यंत्रणा यांची तपासणीही टळावी, हे सुरक्षिततेच्या दृष्टीने हितावह नाही. सीमेपलीकडील आपत्कालीन फेऱ्यांसाठी शेजारी राज्यांना परस्पर करार करता येतील. कराची तत्त्वे ठरविण्याचा विषय समवर्ती सूचीत असल्याने केंद्रासही येथे समन्वयाची भूमिका बजावता येईल.

अर्थात सवलतीचा दुरुपयोग होण्याचा धोका नाकारता येत नाही. टोइंग वाहन म्हणून नोंदणी करून प्रत्यक्षात मालवाहतूक केली गेल्यास राज्याचा महसूल तर बुडेलच, शिवाय नियमाने कर भरणाऱ्या मालवाहतूकदारावर अन्याय होईल. म्हणून सवलत, वर्गीकरण व तपासणी यांचा विचार एकत्रच व्हावयास हवा.

वाहन नोंदणी ही वरवर पाहता कार्यालयीन बाब. परंतु तिच्या पावतीवरील प्रत्येक रकमेमागे केंद्र-राज्य अधिकारविभागणी, कराचे समर्थन आणि सार्वजनिक हित यांविषयीचा एक निर्णय दडलेला असतो. घाटात अडलेल्या रांगेतील रुग्णवाहिकेला वाट किती लवकर मिळेल, हे काही अंशी त्या निर्णयावरही अवलंबून असते.